बेळगावात दोन दिवसांचं क्रिएटिव्ह फोटोग्राफी वर्कशॉप: नऊ तंत्रं घ्यावीत की दोनच?

टिळकवाडी_बारा | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आम्ही बारा जण मिळून हाताने करून शिकायचं असं वर्कशॉप ठरवतोय. पाच जणांकडे डीएसएलआर किंवा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे, सात जणांकडे फक्त मोबाईल. जुलैच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी टिळकवाडीत एक हॉल मिळतोय. वर मोकळी गच्ची आहे, पाणी बोअरचं. रोज सहा तास, दोन दिवस.

शिकवणाऱ्यांनी पाठवलेली यादी अशी: लाँग एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो), लाईट पेंटिंग (अंधारात टॉर्च फिरवून काढलेला फोटो), पॅनिंग (चालत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं), मल्टिपल एक्स्पोजर (एकावर एक फोटो), मॅक्रो (अगदी जवळून फोटो), सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारं निळं चित्र), पिनहोल (लेन्सऐवजी सुईएवढं भोक), पाण्याच्या थेंबाचं हाय-स्पीड आणि स्टील वूलच्या (पेटवून फिरवलेल्या लोखंडी तारेच्या गुंत्याच्या) ठिणग्या.

एवढं दोन दिवसांत मावतं का? मावत नसेल तर काय ठेवायचं, काय काढायचं? सामान आम्हालाच जमवायचं आहे, तेव्हा मापांसकट सांगितलंत तर बरं होईल. एक संध्याकाळ किल्ल्यात किंवा राजहंसगडावर काढावी असाही विचार आहे.

शटर_कोण_दाबणार | शनिवार, रात्री ९:५२

आधी हिशेब करा. दोन दिवस म्हणजे ७२० मिनिटं. नऊ तंत्रं म्हणजे एकेकाला ८० मिनिटं. समजावणं आणि मांडामांड यात २५ मिनिटं सहज जातात. उरलेल्या ५५ मिनिटांत बारा जण, मांडणी एकच. म्हणजे माणशी पाच मिनिटंसुद्धा नाहीत. त्यात एक फोटो होईल आणि तोही शिकवणाऱ्यानेच सेटिंग लावून दिलेला. घरी गेल्यावर त्यातलं काही उभं राहत नाही, कारण चुकायलाच वेळ मिळालेला नसतो.

शिकवणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. एका वेळी किती टेबलं चालू असतील? प्रत्येकाला किमान किती प्रयत्न मिळतील? बिघडलेला फोटो का बिघडला हे शोधायला वेळ ठेवला आहे का? बारा जणांना चार टेबलं, टेबलाला तिघं आणि माणशी सहा प्रयत्न, याच्या खाली जाऊ नका.

यादीतून थेंबाचं हाय-स्पीड लगेच काढा. तंत्र वाईट नाही. फ्लॅशची ताकद १/३२ वर आणली की त्याचा झोत इतका क्षणिक होतो की थेंब जागच्या जागी गोठतो. पण त्याला फ्लॅश, ट्रिगर आणि ठिबक असा एक अख्खा संच लागतो, आणि तुमच्याकडे तो एकच असणार. अकरा जण रांगेत उभे राहतील. मॅक्रो घरी बसून शिकता येतं.

स्टील वूल तर नकोच. जळणारे लोखंडाचे कण कित्येक मीटर उडतात आणि पडल्यावरही काही क्षण धगधगत राहतात. सुगीनंतर गावागावांत कडब्याच्या गंज्या उभ्या असतात, शेतात उसाचा पाला वाळलेला असतो. आपल्या भागात हा खेळ करायची जागा शोधूनही सापडत नाही. हॉलमध्ये तर विषयच नको.

अंधारात_टॉर्च | शनिवार, रात्री ११:०५

वरच्यांशी सहमत. जुलैत करायचंच असेल तर लाईट पेंटिंग ठेवा. पाऊस कितीही लागला तरी हॉलमध्ये होतं.

टेबल असं मांडा. मागे काळं कापड, सुरकुती नको. वस्तू दोन घ्या, एक खानापूरची मातीची घागर आणि एक पितळेची समई. दोन्हींवर उजेड अगदी उलट वागतो, म्हणून ही जोडी. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर ३० सेकंद, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. ऑटोवर ठेवलंत तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल आणि तुलना करता येणार नाही. हॉलचे दिवे चालू असतानाच ऑटोफोकस करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. कॅमेऱ्यातलं किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद. शटर बोटाने नाही, २ सेकंदांच्या टायमरने.

टॉर्च लहानच घ्या. तिच्या तोंडाला काळ्या कागदाची सहा इंचांची नळी गुंडाळा, म्हणजे बल्ब कॅमेऱ्याला दिसत नाही. तो दिसला की फोटोत पांढरी अळी वळवळल्यासारखी रेघ येते.

आता घागर. टॉर्च तिच्या बाजूला, साधारण एक मीटरवर धरा आणि उजेड पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाऊ द्या. हात सतत फिरता ठेवा. चार सेकंदांत चाकावरच्या बोटांच्या गोल रेघा उठून येतात. हीच टॉर्च कॅमेऱ्याच्या बाजूने समोरून मारलीत तर रेघा नाहीशा होतात आणि घागर कागदातून कापल्यासारखी सपाट दिसते. हा फरक प्रत्येकाने आपल्या हाताने करून बघायचा, नुसता ऐकायचा नाही.

समईवर याच रीतीने उजेड टाकलात तर पितळेवर जळके पांढरे ठिपके पडतात. तिथे टॉर्च वस्तूवर मारायचीच नाही. बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करा, त्यावर उजेड मारा आणि परत येणारा मऊ उजेड समईवर पडू द्या. वेळ आठ-दहा सेकंद लागेल.

नेहमी चुकतं ते असं. ३० सेकंद झाल्यावर कॅमेरा आणखी ३० सेकंद गप्प बसतो आणि लोक बॅटरी काढायला धावतात. तो अडकलेला नसतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असलं की कॅमेरा तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेऊन त्यातले डाग वजा करतो. वर्कशॉपपुरतं ते बंद ठेवा, वेळ निम्म्यावर येईल. दुसरी चूक म्हणजे टॉर्चवाला वस्तू आणि कॅमेरा यांच्या मधे येतो आणि त्याची काळी सावली उमटते. गडद कपडे घाला आणि मागून किंवा बाजूनेच फिरा. तिसरी चूक जुलैतलीच. एसीच्या गाडीतून आणलेला कॅमेरा दमट हॉलमध्ये उघडला की लेन्सवर वाफ धरते. बॅग अर्धा तास बंदच राहू द्या.

मोबाईलवाल्यांनी नाइट मोड वापरू नये. तो अनेक छोटे फोटो घेऊन जुळवतो, त्यामुळे उजेडाची रेघ तुटक येते. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने लावता येतात) आयएसओ १०० आणि शटर १० ते ३० सेकंद ठेवा. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटर असं हाताने ठरवता येत नाही, वेगळं ॲप आधीच घालून या. मोबाईलचं छिद्र मोठं असल्याने टॉर्च अगदी मंद हवी. तोंडावर टिश्यू पेपरच्या चार घड्या लावा.

वडगाव_माग | रविवार, सकाळी ७:३०

लाईट पेंटिंगमध्ये अक्षरं काढायची हौस सगळ्यांना असते, म्हणून एक जोडतो. कॅमेऱ्याकडे तोंड करून नेहमीसारखं लिहिलंत की फोटोत ते उलटं येतं. नंतर फोटो आडवा फिरवायचा, म्हणजे अक्षर सुलट. पण मागे दुकानाची पाटी असेल तर ती उलटी होते, तेव्हा मागची जागा बघून उभे राहा.

देवनागरीत आधी अक्षरांची अंगं काढा, शिरोरेघ सगळ्यात शेवटी एका दमात. दोन अक्षरांच्या मधे टॉर्चच्या तोंडावर अंगठा दाबायचा. ‘बेळगाव’ लिहायला पंधरा सेकंद पुरतात, अक्षर छातीएवढं रुंद धरा. कन्नड अक्षरं गोलाईची, बरीचशी हात न उचलता निघतात, त्यामुळे उजेडात ती देवनागरीपेक्षा सुबक उतरतात. खरं आहे ते मान्य करायला पाहिजे की.

निळा_कागद | रविवार, सकाळी १०:२०

सायनोटाइप यादीत ठेवा, पण जुलैत नको. दिवाळी झाल्यावर करा. कारण खाली येईलच.

ही १८४२ ची रीत, जॉन हर्शेलने शोधलेली. जुने निळे नकाशे, ज्याला ब्लूप्रिंट म्हणतो, ते याच रसायनाचे. कॅमेरा नसला तरी चालतं, म्हणून तुमच्या सात मोबाईलवाल्यांना यात कमीपणा नाही.

द्रावण अ: फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं, २५ ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. द्रावण ब: पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. दोन्ही वेगळ्या तपकिरी बाटल्यांत. पाणी डिस्टिल्ड. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालेल, पण ते पाणीच आहे, ॲसिड नाही, हे लेबलावर वाचून घ्या.

कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात दोन्ही मागता येतात. तिथे एक गफलत होते. फेरीसायनाइडऐवजी फेरोसायनाइड हातात पडतं. फेरीचे खडे लाल-नारिंगी, फेरोचे फिके पिवळे. पिवळं आणलंत तर अ मध्ये मिसळताक्षणी सगळं निळंशार होईल आणि खेळ तिथेच संपेल.

बारा जण, माणशी चार ए-५ कागद आणि चाचणीचे बारा, असे ६० धरा. कागदाला सांडलवंडीसह दीड मिली, म्हणजे ९० मिली मिश्रण. अ आणि ब प्रत्येकी ४५ मिली. वर सांगितलेलं माप दोन वर्कशॉपना पुरतं. मिश्रण लागेल तेवढंच आणि त्याच दिवशी करा, ते काही तासांत उतरतं. अ च्या बाटलीत आठवड्यात बुरशीचा तवंग धरतो. कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घेतलं की वापरता येतं.

कागद जलरंगाचा, जाड. कागद टिकावा म्हणून काही कंपन्या त्यात चुना घालतात, त्यावर निळा फिका पडतो. लेबलावर अल्कली-बफर्ड लिहिलेला कागद नको. लावायला स्पंजचा ब्रश घ्या. लोखंडी पट्टीचा ब्रश वापरलात तर पट्टी जिथे भिजते तिथून निळे थेंब गळतात. आधी उभा हात, मग आडवा, डबकं राहू द्यायचं नाही. खोलीत पिवळा साधा बल्ब, खिडक्या झाकलेल्या. ट्यूबलाइट बंद. पंख्याखाली अंधारात अर्धा-पाऊण तास वाळवा. हाताला गार लागतोय म्हणजे अजून ओला आहे.

वर पान किंवा निगेटिव्ह (फोटोची उलट्या छटांची पारदर्शक प्रत), त्यावर साधी काच, खाली एमडीएफची पाटी आणि चार बाजूंनी फाइलचे चिमटे. ॲक्रिलिक वापरू नका, बऱ्याच ॲक्रिलिकमधून अतिनील किरण अडतात. पानं आदल्या दिवशी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. ताज्या पानाचा रस सुटून पिवळट डाग पडतो. खानापूरकडचा नेचा, पिंपळाचं जाळी झालेलं पान, ज्वारीचं कणीस, यांचं छान येतं. वडाचं पान जाड, नुसती पांढरी आकृती मिळते.

उन्हाची वेळ ११ ते २. आपल्याकडे सूर्य डोक्यावर १२ ला येत नाही, साधारण साडेबाराला येतो, कारण घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७४.५ वर. एप्रिलच्या उन्हात पाच-सहा मिनिटं, डिसेंबरात दहा-पंधरा. पण माझ्या आकड्यावर विसंबू नका, पट्टी काढा. पट्टी काढायची म्हणजे कागदावर पुठ्ठा ठेवून दर दोन मिनिटांनी एक बोट मागे सरकवायचा आणि धुवून कोणता टप्पा खरा निळा उतरला ते बघायचं.

रंग डोळ्यांनी ओळखायला शिका, हेच खरं शिकणं. सुरुवातीला पिवळट हिरवा. मग हिरवट निळा. मग गडद. इथे सगळे काच उचलतात आणि इथेच चुकतं. त्याच्या पुढे उघडा भाग करडा पडतो, चुलीवरच्या भांड्याला राख चढावी तसा. तोवर थांबायचं. गडद निळ्यावर काढलेला कागद पाण्यात गेला की अर्धा रंग पाण्याबरोबर निघून जातो.

आता तुमचं बोअरचं पाणी. निळा रंग अल्कलीत टिकत नाही आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी तसंच असतं. पहिली दोन मिनिटं धुवायला एक लिटर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा चिमूटभर लिंबूसत्त्व टाका. मग साध्या पाण्यात, पांढऱ्या भागातला पिवळा जाईपर्यंत, साधारण दहा मिनिटं. शेवटी मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिली एक लिटरमध्ये घालून त्यात बुडवलंत तर निळा डोळ्यांदेखत गडद होतो. नाही केलंत तरी दिवसभरात हवेने तोच परिणाम होतो. ही नुसती गंमत, पण नव्या माणसाला तीच लक्षात राहते.

हातमोजे घाला. ही भांडी परत स्वयंपाकात न्यायची नाहीत. फेरीसायनाइडजवळ संडास धुवायच्या ॲसिडसारखी तीव्र ॲसिडं ठेवायची नाहीत, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. व्हिनेगरचं चमचाभर पाणी त्यात मोडत नाही.

जुलै का नको, ते यात आलंच. दमट हवेत कागद वाळत नाही, ओला कागद निगेटिव्हला चिकटून दोन्ही जातात, आणि ढगाखाली पाच मिनिटांचं काम पाऊण तासावर जातं.

वडगाव_माग | रविवार, दुपारी १:१५

कापडावर करणार असाल तर शहापूर-वडगावकडचं सुती कापड सहज मिळतं. तीन गोष्टी बघा.

सुताला खळ असते. ती गेल्याशिवाय द्रावण आत शिरत नाही, थेंब वरच्यावर उभा राहतो. गरम पाण्यात साबणाने धुवा, मग साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. साबणाचा अंश राहिला तर निळा उडतो. दुसरं, पॉलिस्टर मिसळलेलं निघालं तर रंग धरत नाही. एक धागा काडीने पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला मणी धरतो. तिसरं, कापड कागदाच्या दुप्पट-तिप्पट द्रावण पितं. निळा_कागद यांनी दिलेलं माप कापडाला पुरणार नाही.

आणि नंतर ते कापड डिटर्जंटने किंवा धुण्याच्या सोड्याने धुवायचं नाही. पिवळं पडेल.

टिळकवाडी_बारा | रविवार, दुपारी ३:४०

सगळ्यांचे आभार. मग जुलैत लाईट पेंटिंग नक्की. पण ते एका दिवसात आटोपेल असं वाटतं. दुसऱ्या दिवशी पिनहोल घेतलं तर? त्यात सात मोबाईलवाल्यांनी काय करायचं? आणि फोटोवरून सायनोटाइपची निगेटिव्ह कशी करायची, तेही कुणी सांगा.

सुईचं_भोक | रविवार, सायंकाळी ६:०५

पिनहोल पावसाळ्यात चालतं, गच्चीच्या दारातूनसुद्धा.

पाच कॅमेऱ्यांसाठी पाच जादा बॉडी कॅप (लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडाला बसणारं झाकण) आणा, मूळची कॅप भोकं पाडून वाया घालवू नका. मधोमध ६ मिलिमीटरचं भोक. त्यावर कोल्ड्रिंकच्या डब्यातून कापलेला पत्र्याचा १५ मिलिमीटरचा चौकोन. पत्रा पुठ्ठ्यावर ठेवायचा, मणी ओवायच्या बारीक सुईने दाब द्यायचा. सुई आरपार घालायची नाही, मागे फक्त फोड यायला पाहिजे. ती फोड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर गोल गोल घासा. पातळ होत होत भोक आपसूक उघडतं. मग सुईच्या टोकाने अलगद फिरवून कडा साफ करा. सरळ टोचलेल्या भोकाला कडेने दाते राहतात आणि चित्र पिठासारखं मऊ येतं, फरक इथेच आहे. कॅमेऱ्याकडची बाजू मार्करने काळी करा आणि भोवती काळी टेप.

डीएसएलआरला भोक ०.३ मिलिमीटर, मिररलेसला साधारण ०.२, कारण तिथे सेन्सर (चित्र टिपणारी चकती) कॅपच्या बराच जवळ असतो. मोजायचं कसं? पत्रा स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करा. ०.३ मिलिमीटर म्हणजे १४ पिक्सेल. वीसच्या वर आलं तर नवीन पत्रा घ्या, दुरुस्ती होत नाही.

डीएसएलआरवर हे जवळजवळ एफ १५० होतं. भर उन्हात आयएसओ १०० ला एक सेकंद, जुलैच्या ढगाखाली आठ-दहा. ट्रायपॉड लागणारच. व्ह्यूफाइंडरवर कापड टाका, मागून उजेड शिरतो. आणि पहिला फोटो बघून घाबरू नका. एफ १५० ला सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण काळा ठिपका होऊन दिसतो. हाताच्या पंपाने हवा मारा, तोंडाने फुंकू नका.

सात मोबाईलवाल्यांसाठी हॉलचाच कॅमेरा करा. खिडक्या काळ्या प्लास्टिकने पूर्ण बंद करा, फटींवर टेप. एका खिडकीत २० मिलिमीटरचं भोक ठेवून त्यावर चाळिशीच्या चष्म्याची +१.०० ची काच चिकटवा. समोर बरोबर एक मीटरवर पांढरी चादर ताणून धरा. बाहेरचा रस्ता चादरीवर उलटा आणि रंगीत दिसतो. रिक्षा छताला टेकून चाललेल्या दिसतील. चादर पाच-दहा सेंटिमीटर पुढेमागे केली की फोकस बसतो. काच न लावता नुसतं भोक ठेवलंत तर चित्र फार अंधुक येतं आणि डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात. मोबाईल स्टँडवर, प्रो मोड, आयएसओ ४००, ढगाळ दुपारी दोन ते पाच सेकंद. चादरीला सुरकुती असेल तर सरळ खांबाला पोक येतो, तेव्हा खालून काठी ओवा.

निळा_कागद | रविवार, रात्री ८:३०

निगेटिव्हचं: फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट नेहमीपेक्षा कमी ठेवा, मग काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं (इन्व्हर्ट) करून पारदर्शक शीटवर इंकजेटने छापा. शीटची खरखरीत बाजू शाईची, ती कागदाला टेकली पाहिजे, म्हणून छापण्याआधी फोटो आडवा फिरवा. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटचा काळा पुरेसा दाट नसतो. तिथे दोन प्रती काढून एकावर एक तंतोतंत चिकटवा. एकच वापरलीत तर पांढरा भाग आकाशी येईल.

घाटवाट | रविवार, रात्री ९:१५

जागांबद्दल थोडक्यात. किल्ल्याच्या आत लष्कराचा भाग आहे. फाटकं, चौक्या, इमारती यांचे फोटो नकोत, आणि बारा ट्रायपॉड घेऊन न विचारता तर जाऊच नका. किल्ल्यातली कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, १२०४ चं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं. तिच्या छतातलं दगडी कमळ मल्टिपल एक्स्पोजरला अप्रतिम आहे. उभं राहून सरळ वर एक फोटो, मग जागा न सोडता कॅमेरा ३० अंश फिरवून दुसरा, असे चार. प्रत्येक फोटो दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव उजेडावर ठेवा, नाहीतर चारही फोटोंची बेरीज पांढरी फट्ट होते. हाताने होतं, ट्रायपॉडची परवानगी मागायची वेळ येत नाही. बस्तीत पूजा चालू असेल तर थांबा. टॉर्च नको.

राजहंसगडावर संध्याकाळी वारा जोराचा असतो, लाँग एक्स्पोजर हलतं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, त्याच्या हुकाला बॅग टांगा आणि बॅग जमिनीला टेकलेली राहू द्या.

गोकाकचा धबधबा साठेक किलोमीटर, तुमच्या दोन दिवसांत बसत नाही. वेगळा जाणार असाल तर अर्धा ते एक सेकंद पुरे. त्याहून जास्त वेळ दिलात तर ५२ मीटरची सगळी धार दुधाचा पडदा होते आणि पाण्याच्या लडी दिसेनाशा होतात. खानापूर-जांबोटीकडच्या जंगलातल्या धबधब्यांवर वनखात्याला विचारल्याशिवाय पावसाळ्यात जाऊ नका.

पॅनिंग कुणाला फारच हवं असेल तर दिवेलागणीला हॉलसमोरच्या रस्त्यावर. सायकलला १/३०, मोटारसायकलला १/६०. फोटो जिथे संपायचा त्या दिशेला पाय, कमरेतून वळायचं, शटर बसल्यावरही फिरत राहायचं. मोबाईलला भर दुपारी हे जमत नाही. छिद्र लहान करता येत नसल्याने १/३० ला चित्र पांढरं होतं.

टिळकवाडी_बारा | सोमवार, सकाळी ८:००

ठरलं. जुलै: शनिवारी लाईट पेंटिंग, चार टेबलं. रविवारी पिनहोल आणि हॉलचा कॅमेरा. सायनोटाइप नोव्हेंबरच्या शेवटी एक पूर्ण दिवस, कागदावर. कापड नंतर बघू. शिकवणाऱ्यांना हे कळवलं, त्यांना चालतंय म्हणाले.

एकच शंका. शनिवारी लाईट गेली तर?

अंधारात_टॉर्च | सोमवार, सकाळी ८:४०

लाईट पेंटिंगला लाईट गेलेलीच बरी! फक्त फोकस करायला एक बॅटरीचा कंदील ठेवा. अडचण रविवारी सुईचं_भोक यांच्या स्कॅनरची होईल. पत्रे शुक्रवारीच घासून, मोजून ठेवा, आणि घासायला शिकायचं म्हणून माणशी दोन कोरे पत्रे वेगळे आणा.